हॉविसच्या मापाचं सूत

— नाही ब्रदर, मी उठणार नाही. दार लावायचंय ना, लावा, मला आत ठेवून लावा. तुम्ही या थडग्याचे राखणदार, मी गावची धोबीण — गुडघे दोघांचे सारखेच झिजलेत. मला एवढंच सांगा, हा आत निजलेला संत सुताचं माप कसं धरतो? — हसताय काय? याच बिशप सेर्लोचे अंगरखे तो जाईपर्यंत मीच धुतलेत. गुडघ्यांवर चिखल, नेहमीचा. का? तर बाकीचे बिशप पोरांना आशीर्वाद द्यायचे ते घोड्यावरूनच, भिकाऱ्याला तुकडा टाकावा तसे. हा उतरायचा. माझ्या लेकीपुढं, हॉविसपुढं, भर रस्त्यात गुडघे टेकून बसला, म्हणाला, ‘नाव काय गं तुझं?’ — आणि तुमचेच लोक मागं कुजबुजले, हा बिशप की गुराखी! आता? आता त्याच्यावर संगमरवर चढवलाय.

तर पोरीला ताप भरला. सगळे करतात तेच केलं — सुतानं तिचं माप घेतलं, डोक्यापासून टाचेपर्यंत, त्याच सुताची वात घालून मेणबत्ती इथं लावली. ताप उतरला. उतरला हो, नाही कुठं म्हणते! चमत्कार झाला म्हणून तुम्ही घंटासुद्धा वाजवल्यात. पण गुडघ्याखाली पाय मेलेले. का? माझं मीच सांगते. माप घेताना पोर हुडहुडीनं मुटकुळं करून पडली होती. सूत आखूड भरलं — उभ्या पोरीच्या गुडघ्यापर्यंतच. तेवढीच त्यानं बरी केली. मागितलं तेवढं दिलं, त्याची काय चूक? — दुसरी मेणबत्ती लाव म्हणता? अहो, त्यासाठीच तर आलेय! सूत हे बघा, पोर बाहेर गाडीत आहे. पण आता पाय सरळच होत नाहीत तिचे. ओढले की किंचाळते — काल म्हणाली, ‘आई, पुरे गं.’ मग धरू कसं? सरळ धरलं तर पुन्हा आखूड. गुडघ्याच्या वळणावरून फिरवलं तर — तर तो तिला तशी वाकडीच ठेवील, जन्मभर. बोला ना! एवढी वर्षं त्याच्या उशाशी बसता, कधी काहीच सांगितलं नाही त्यानं तुम्हाला? — कुणालाच ठाऊक नाही, आणि मेणबत्त्या मात्र लावायला सांगता — थांबा. ऐका जरा. पोर हाक मारतेय. सरका.