तात्यांचा फेटा आणि उकळलेली मोटार

मोटारीचं कौतुक मला सांगू नका. तात्यांच्या पोरासाठी मुलगी बघायला आम्ही त्यांच्या मोटारीतनं इंदापूरला निघालो, तर निरवांगीजवळ तिचं पाणी उकळलं. तात्या रेडिएटरचं झाकण उघडायला धावले.

मी म्हणालो, "तात्या, हात लावू नका. आधी निवू द्या."

"निवंस्तवर पोरगी दुसऱ्याच्या घरात जाईल!" म्हणत त्यांनी डोक्याचा फेटा झाकणावर धरला अन् झाकण पिळलं. वाफेनं फेटा उडवला तो थेट रस्त्याकडच्या कॅनॉलात.

तात्या बोडक्यानंच पोरीच्या दारात गेले. बोडका माणूस म्हणजे सुतक. तिचा बाप घाबरून मला विचारतो, "आबा, कोन गेलं?"

म्हणालो, "अजून कुनी न्हाय. पन परत ह्याच मोटारीनं जायचं हाय."

आत पोरगी खुदकन हसली. लग्न तितंच जमलं.