जाळीतली फुलं

—थांबा, थांबा, लीलाधरभाऊ, ढक्कनाला हात लावू नका! वाफ तोंडावर आली तर वहिनी घरात घेणार नाहीत. थंड होऊ द्या, बसा त्या टायरवर. तर काय म्हणत होतो मी — पाणी? पाणी पुरं आहे. पट्टा? टाइट. पंखा पण फिरतो. मग ही म्हातारी अँबॅसेडर तापते कशानं? माझ्याशिवाय हिचं बोनेट कोणी उघडलं नाही आजवर! आठवतं का, असीरगडच्या घाटात पाइप फुटला, मी केळीच्या खोडाचं सोपट गुंडाळलं, अन् थेट खंडव्यापर्यंत नेली गाडी — काय? पहिल्याच वळणावर सुटलं होतं? यार, साक्षीदारानं तरी असं बोलू नये!

समोरून बघू. हवा येते का नाही रेडिएटरला... अरे भो! जाळी पार बुजलीये. काय आहे हे — पालापाचोळा? नाही, झेंडू. वाळलेला झेंडू. ही गुलाबाची पाकळी, उकडून चिकटलीये. थर्माकोलचे दाणे, चमकी, अन् बोनेटवर टेपचा डिंक. सापडला रोग! फुलांचा पडदा समोर, अन् वरून बँडच्या मागं पहिल्या गिअरमध्ये रांगली असेल — वारा मिळाला नाही तर कोणतंही इंजिन उकळेल. कुण्या गाढवानं नवरदेवाची गाडी सजवताना जाळी झाकली? मला विचारलं असतं तर मोकळी नसती ठेवली? कुणाला दिली होती गाडी? तुम्ही तर सख्ख्या भावालाही चाबी देत नाही. मग—

मोहितची वरात?

पण तुम्ही तर म्हणाला होतात, पोराची तारीख निघाली नाही अजून. ह्याच टायरवर बसून, माझ्या घरचा चहा पीत म्हणालात — "कडू, तारीख निघाली की पहिली खबर तुला." अन् मी अख्ख्या बुधवारा मोहल्ल्यात सांगत फिरलो, नवरदेवाची गाडी मीच चालवणार. सफारी सूट शिवायला टाकणार होतो... टाकणार काय, शिवून आला. बायकोनं इस्त्री करून ठेवलाय. रोज विचारते, कधी?

साखरपुड्यातलं मनात धरलंत का? एवढंच ना म्हणालो मी व्याह्यांना, की मोहितनं सातव्या वर्षी ही गाडी घाटातून रिव्हर्समध्ये उतरवली. हसले की ते! ...नाही हसले? तुम्हाला विचारलं, हा माणूस कोण? मग तुम्ही काय सांगितलंत? भाऊ? दोस्त? बोला ना.

गॅरेजवाला.

बरं. बरोबरच आहे, गॅरेजवालाच मी. तुमचं पोरगं रात्रभर रडायचं, तेव्हा ह्याच गाडीचं इंजिन चालू करून मांडीवर निजवायचो मी — ही थाप नाही भाऊ. बाकीच्या सगळ्या असतील, ही नाही.

सरका. इंजिनच्या बाजूनं हवा मारावी लागते, म्हणजे कचरा समोर निघतो. डोळे मिटा... झालं. पाकळ्या डोक्यावर पडल्यात तुमच्या, झटका. माझ्या पण? राहू द्या. लग्नाचं तेवढंच आलं माझ्याकडं.

आता नाही तापायची. पाकीट काढू नका, ठेवा ते खिशात. तुमचा हात पण काढा खांद्यावरून. बसा गाडीत, निघा. अन् परत तापली तर इकडं वळवू नका — बुऱ्हाणपुरात गॅरेजवाले कमी नाहीत.