मधला रविवार

मेहबूब : ...ते सगळं ठीक आहे ताई, पण एकच चप्पल लग्नातही घालायची आणि चिखलातही, असं टायरचं होत नाही. आधी मला सांगा, ही गाडी जास्त कुठे फिरते? रस्त्यावर की ट्रॅकवर?

पूर्णिमा : रेसच्या ट्रॅकवर वर्षातून चारदा, चेन्नईजवळ. बाकी शनिवारी ऑफिसला, हडपसर ते खराडी. पण मेहबूबभाई, मला टायर त्या चार वेळांसाठीच हवेत. मागच्या वेळी मी दोन सेकंदांनी मागे राहिले. दोन सेकंद म्हणजे तुम्हाला गंमत वाटेल.

मेहबूब : नाही वाटत. खडकीत अब्बांच्या वेळेपासून दुकान आहे आमचं. तेव्हा फॅक्टरीतल्या लोकांच्या लुना यायच्या पंक्चर काढायला. आता तुमच्यासारखी कंपन्यांतली माणसं येतात, लॅपटॉप उघडून. दोन सेकंदांसाठी माणूस काय काय करतो, ते बघितलंय मी.

पूर्णिमा : मीही तक्ता करूनच आणलाय. हा बघा, पहिला. रस्त्याचा टायर, पावसात उत्तम. पण ट्रॅकवर चौथ्या फेरीला तापून लोण्यासारखा होतो. हा दुसरा, दोन्हीकडचा म्हणतात, आणि दोन्हीकडे अर्धवट. आणि हा तिसरा, सेमी-स्लिक. नक्षी जवळजवळ नाहीच, सगळं रबर जमिनीला टेकतं. मला हा हवाय. ऑनलाइन एकाकडे न वापरलेला सेटही मिळतोय.

मेहबूब : फोटो बघू. हं. कडेला चार आकडे दिसतायत ना, त्यात पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हा टायर सहा वर्षांपूर्वीचा आहे. न वापरलेला असेल, पण रबर घरात बसूनही म्हातारं होतं.

पूर्णिमा : मग नवाच मागवा. तुमच्याकडून.

मेहबूब : मागवतो. पण थंडीचं काय?

पूर्णिमा : थंडीचं काय म्हणजे?

मेहबूब : हे रबर तापल्याशिवाय धरत नाही. ट्रॅकवर तुम्ही दोन फेऱ्या सावकाश मारता, तापवता, मग पळवता. इथे डिसेंबरात सकाळी सहाला डांबर हाताला बोचेल इतकं गार असतं. त्यावर हा टायर म्हणजे लाकडाचं चाक. दिसायला रुंद, भारदस्त. माणसाला वाटतं, आता कसली भीती.

पूर्णिमा : सकाळी सहाला मी ही गाडी काढतच नाही.

मेहबूब : बरं. जरा इकडे या, तुमचे जुने टायर उतरवलेत. हा पुढचा डावा. बाहेरचा खांदा, ही कड, झिजून गेलाय.

पूर्णिमा : जाणारच. तिथे उजवी वळणं जास्त आहेत. सगळा भार डाव्या अंगावर येतो.

मेहबूब : आणि हा पुढचा उजवा. हाही तेवढाच गेलाय.

पूर्णिमा : अलाइनमेंट बिघडली असेल.

मेहबूब : मशीनवर घेतली मघाशी. दोरी लावल्यासारखी सरळ आहे. इथे हात फिरवा. लागतंय? खडीचे काप आहेत. तुमच्या ट्रॅकवर खडी असते?

पूर्णिमा : नाही. झाडून घेतात.

मेहबूब : रिमला हा रंग लागलाय. काळा-पिवळा.

पूर्णिमा : अभिनव म्हणाला, पार्किंगच्या खांबाला घासली.

मेहबूब : तुमच्याकडे खांब काळे-पिवळे आहेत?

पूर्णिमा : पांढरे आहेत.

मेहबूब : घरातलं मला काही कळत नाही ताई. टायरवरचं कळतं. अभिनव म्हणजे मिस्टर?

पूर्णिमा : हो. रविवारी सकाळी नेतो तो गाडी. चार-पाच जण मिळून सासवडला मिसळ खायला जातात.

मेहबूब : दिवे घाटातून. तिथले कठडे काळे-पिवळे आहेत.

पूर्णिमा : तोच रस्ता आहे ना.

मेहबूब : मिसळीला जाणारा माणूस दोन्ही खांदे असे झिजवत नाही. हा माणूस घाट चढतो, वरून वळतो, खाली येतो, परत चढतो. एका सकाळी पाच-सहा वेळा. आणि त्याच्या हातात घड्याळ असतं.

पूर्णिमा : इतकं टायरवरून कळतं तुम्हाला?

मेहबूब : टायरवरून अर्धं. उरलेलं अर्धं असं, की त्यांच्यातलाच एक जण मागच्या महिन्यात आला होता. रतन नावाचा, निळ्या गाडीचा. पुढचे दोन्ही टायर फाटलेले. मी विचारलं, काय झालं. हसला. म्हणाला, कुत्रं आडवं आलं. कुत्रं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

पूर्णिमा : मला पाणी मिळेल का?

मेहबूब : घ्या. बसा जरा. माझं ऐकाल तर दोन सेट करा. गाडीला कायम रस्त्याचे राहू देत. ट्रॅकचे माझ्याकडे माळ्यावर ठेवा. जाण्याच्या दिवशी बसवतो.

पूर्णिमा : या वेळी गाडी ट्रकने पाठवतेय. सोमवारी सकाळी सातला ट्रक दाराशी येणार. तुमचं दुकान रविवारी बंद, सोमवारी उघडतं नऊला.

मेहबूब : मग टायर ट्रकात टाका, तिथे बसवून घ्या.

पूर्णिमा : तिथे कोण कसं बसवेल, सांगता येत नाही. बॅलन्सिंग एका ग्रॅमने चुकलं तरी मला स्टिअरिंगमध्ये कळतं. तुमच्याच हातचं हवं. शनिवारी संध्याकाळी बसवा.

मेहबूब : मधे एक रविवार येतो.

पूर्णिमा : मला वार मोजता येतात, मेहबूबभाई.

मेहबूब : पुणेरी झालात की. गाव कोणतं तुमचं?

पूर्णिमा : वाशीम. पण नवरा नारायण पेठेतला आहे.

मेहबूब : मग त्यांना आजच सांगा. नीट, समोर बसवून. मी सांगितलं तर दुकानदाराचं बोलणं होईल.

(शनिवारी संध्याकाळी, हडपसरच्या फ्लॅटमध्ये.)

अभिनव : टायर बघून आलो खाली जाऊन. जोरदार दिसतायत. वॉचमन गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होता.

पूर्णिमा : अभी, सासवडची मिसळ कशी असते?

अभिनव : तिखट. का?

पूर्णिमा : रस्सा वेगळा देतात की वरून घालून आणतात?

अभिनव : हा इंटरव्ह्यू आहे का? आधी कळवलं असतंस तर इस्त्रीचा शर्ट घातला असता.

पूर्णिमा : रतनच्या गाडीपुढे काय आलं होतं?

अभिनव : कोणी सांगितलं तुला?

पूर्णिमा : मी विचारून राहिली ना तुला.

अभिनव : वाशीमची भाषा सुरू झाली म्हणजे प्रकरण गंभीर आहे. कुत्रं होतं.

पूर्णिमा : अभी.

अभिनव : दूधवाला होता. मोटारसायकलवर. त्याने आधीच उडी मारली म्हणून वाचला. खरचटलं थोडं. किटल्या सांडल्या, घाटभर दूध वाहत होतं. रतनने त्याला घरी नेऊन सोडलं.

पूर्णिमा : आणि पुढच्या रविवारी तुम्ही परत गेलात.

अभिनव : गेलो.

पूर्णिमा : त्याच वळणावरून.

अभिनव : घाटाला वळणं बदलून मिळत नाहीत.

पूर्णिमा : मला हसायला लावू नको. का जातोस?

अभिनव : ऑगस्टपासून मी बेंचवर आहे, पूर्णिमा, हाताला काम नाही. सकाळी कार्ड दाखवून आत जातो, आणि संध्याकाळपर्यंत कॅन्टीनचा मेनू पाठ करतो. लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतो, सध्या कुठल्या प्रोजेक्टवर? घाटात ती वीस मिनिटं कोणी काही विचारत नाही. तिथे मी कुठे आहे, ते मला माहीत असतं.

पूर्णिमा : मग माझ्याबरोबर ट्रॅकवर चल. किती वेळा म्हटलं.

अभिनव : आलो होतो की एकदा. तुझ्याच गाडीत तुझ्यापेक्षा अकरा सेकंद मागे. तुझे ते मित्र म्हणाले, सर, पहिल्या वेळेच्या मानाने छान. मला सर म्हणाले.

पूर्णिमा : ते चिडवत नव्हते रे.

अभिनव : माहीत आहे. चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

पूर्णिमा : हे सगळं तू मला चार महिन्यांत एकदाही सांगितलं नाहीस.

अभिनव : तू विचारलं नव्हतंस. तू घरी येतेस, लॅपटॉप उघडतेस, आणि तुझ्या फेऱ्यांचे आलेख बघत बसतेस. मी म्हटलं, ही आपल्याला काय म्हणेल? ब्रेक उशिरा दाब म्हणेल.

पूर्णिमा : बरं, चुकलं माझं. पण आता ऐक. हे टायर वेगळे आहेत. गार असताना धरत नाहीत. मेहबूबभाईंनी दहा वेळा बजावलंय. तू नेहमीसारखं स्टिअरिंग फिरवशील आणि गाडी वळणारच नाही.

अभिनव : बरं.

पूर्णिमा : बरं म्हणजे काय?

अभिनव : बरं म्हणजे बरं. पेठेत त्याचा एकच अर्थ होतो.

पूर्णिमा : दोन होतात. एक म्हणजे ठीक आहे. आणि दुसरा म्हणजे तू बोलत राहा. शपथ घे.

अभिनव : कुणाची घेऊ? तुझी घेतली तर तुला काहीतरी व्हायचं. माझी घेतली तर...

पूर्णिमा : तर काय?

अभिनव : काही नाही. उद्या जात नाही. झालं? चहा टाकतो, घेणार का अर्धा कप?

(जानेवारी संपत आला आहे. खडकीतलं टायरचं दुकान.)

मेहबूब : या ताई. त्या स्टुलावर नको, खुर्चीवर बसा. साहेब कसे आहेत?

पूर्णिमा : परवा घरी आणलं. कमरेखाली अजून काही नाही. डॉक्टर म्हणतात, सहा महिने थांबा, मग बोलू. डाव्या पायाचा अंगठा हलतो थोडा.

मेहबूब : हलतो ना? मग तो अंगठाच धरून बसायचं आता. घरी माझी बायको नजमा रोज दुआ मागते. तिने तुम्हाला बघितलेलंही नाही.

पूर्णिमा : तुम्हाला पोलिसांनी बोलावलं होतं म्हणे.

मेहबूब : बोलावलं होतं. टायर कोणी बसवले, केव्हा बसवले. सांगितलं सगळं. मग त्यांनी विचारलं, असे टायर रस्त्याला चालतात का. मी म्हटलं, चालतात साहेब, पण तापेपर्यंत धीर धरावा लागतो. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

पूर्णिमा : पहिलीच चढण होती. तिसरं वळण. रतन मागे होता, त्याने बघितलं. म्हणाला, अभी जोरातसुद्धा नव्हता. चाकं वळलेली दिसत होती, आणि गाडी आपली सरळ चालली होती. अगदी सावकाश गेल्यासारखी. कठड्याचा एक तुकडा पडला आणि मग गाडी दिसेनाशी झाली.

मेहबूब : समोरून कोणी नव्हतं?

पूर्णिमा : नव्हतं. ते एक बरं झालं. खाली बाभळी होत्या, त्यांनी अडवली. नाहीतर अंगठाही राहिला नसता.

मेहबूब : त्या शनिवारी तुम्ही गाडी घेऊन गेलात, आणि मी शटर ओढताना थांबलो. वाटलं, तुमच्या मिस्टरांना फोन करावा. नंबर नव्हता माझ्याकडे, तुमचा होता. मग म्हटलं, बाई हुशार आहे, तक्ता करून आणते. आपण कशाला मधे पडायचं.

पूर्णिमा : तुम्ही सांगितलं होतं की.

मेहबूब : सांगणं वेगळं ताई, आणि हात आखडणं वेगळं. मी सांगितलं आणि बसवूनही दिलं. रात्री तेच आठवतं.

पूर्णिमा : बाहेर रिक्षात दोन चाकं आहेत. मागची. त्यांना काहीच झालं नाही, त्यांच्यावरची नव्या रबराची लवसुद्धा गेलेली नाही. घरात ठेवली होती, पण त्याच्या पलंगावरून दिसतात.

मेहबूब : मी उतरवून घेतो. तुम्ही नका उठू. साहेब चिडतात का? असे टायर आणले म्हणून?

पूर्णिमा : चिडला असता तर मला जमलं असतं. तो माफी मागतो. रोज. सकाळी मी त्याचं तोंड पुसते तेव्हा. म्हणतो, तुला उठवून सांगायला हवं होतं गं, तू मला जाऊ दिलं नसतंस. पण तू इतकी गाढ झोपली होतीस.

मेहबूब : खरंच आहे. झोपलेल्या माणसाचा काय दोष? ते मनाला लावून घेऊ नका तुम्ही.

पूर्णिमा : साडेपाचला उठला तो. बूट हातात घेतले, वाजू नयेत म्हणून. दाराशी बराच वेळ उभा होता. मी हाक मारली असती तर परत आला असता, इतका वेळ.

मेहबूब : तुम्हाला हे कोणी सांगितलं?

पूर्णिमा : जात नाही म्हणाला, आणि तरी निघाला होता ना. मला वाटलं, जाऊ दे. एकदा घसरेल, घाबरेल, कळेल याला. मी भिंतीकडे तोंड केलं.

मेहबूब : ताई...

पूर्णिमा : मी झोपले नव्हते, मेहबूबभाई.