अंधारखोलीचं कुलूप कोणं बदललं?

मंडळी, वानखडे सर गेले, हे मले अजून खरं वाटत नाही. तरी बोलतो. या शोकसभेत माझ्याआधी चार जण बोलले, अन् चौघंही म्हणले, "सरांचा प्रयोग आपण पुढं नेऊ." शब्दाले शब्द तेच! मले शंका आली. ठरवून आले काय हे?

हसू नका. शंका घ्यायले मले सरांनीच शिकवलं. आपलं राज्य नवं, हे कॉलेज त्याहून नवं. मी इथं रसायन शिकवतो, सर पदार्थविज्ञान शिकवायचे. एका परीक्षेत डोणगावच्या दोन पोरांचं गणित सारखंच चुकलं. बसले होते वेगळ्या खोल्यांत. आम्ही म्हणलो, कॉपी! काढा दोघांले. सर म्हणले, "थांबा ना जरा. जुळलं, हे दिसते. काऊन जुळलं, हे कुठं दिसते?" पोरांले वेगवेगळं बसवलं, आयत्या वेळी नवे प्रश्न घातले. निघालं काय? सरांनीच फळ्यावर चुकीचं शिकवलं होतं, अन् ते या दोघांनीच जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्यांनी ते कबूल केलं.

कॉलेजातल्या अंधारखोलीत सरांचा प्रयोग चालायचा, तिथंही तेच चालू होतं. एका अणूतून प्रकाशाचे दोन कण निघतात, दोन दिशांले जातात, अन् वाटेतल्या काचेतून कण पार गेला का अडला, ही दोन्ही टोकांची उत्तरं जुळतात. मी म्हणलो, "सर, घरूनच ठरवून निघाले असतील." सर खूश! म्हणले, "मलेही तोच संशय आहे. म्हणून दोन्ही टोकांच्या प्रकाश गाळणाऱ्या काचा आयत्या वेळी फिरवायच्या. ठरवून आलेल्यांची जुळणी एका हद्दीपर्यंतच जाते. हद्द ओलांडली, तर समजा ते खरंच एकमेकांत गुंतले आहेत. किती गुंतले, हेही मग मोजता येते." टेबलं मांडली, काचा बसल्या. कण मोजायचं यंत्र यायचं राह्यलं. अन् सरच गेले.

परवा वहिनी, सरांच्या पत्नी, अंधारखोलीतलं सामान आणायले गेल्या, तर किल्ली लागेना. कुलूपच नवं! शिपाई म्हणे, "तिथं सायकली ठेवायच्या हायेत." कोणं सांगतलं त्याले? आज मोठमोठे हार घालणाऱ्यांपैकी कोणं? वहिनी तुमच्यापुढं बसल्या आहेत. त्यांनी दुसरं काहीच मागितलं नाही, ती खोली तेवढी राहू द्या म्हणल्या. मले राग येते, मंडळी. रडूही येते.

आता सारे उभे राहा. सरांसाठी गप्प राहू. डोळे मिटा. संस्थेच्या सचिवसाहेबांकडे पाहू नका, शेजाऱ्याकडेही पाहू नका. ज्याले ती खोली राहावी वाटते, त्यानं मुकाट्यानं हात वर करावा.

डोळे फक्त वहिनी उघडे ठेवतील.