तुमच्यावर अवलंबून कोण?

तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. मिरजोळ्यातली आमची कंपनी बंद पडून आठ महिने झाले होते. माझी बायको शुभांगी शाळेत शिकवते, घर तिच्याच पगारावर चाललं होतं. मुलांच्या शिक्षणाचं काय करायचं, हे विचारायला आम्ही दोघं एका आर्थिक सल्लागाराकडे गेलो. फॉर्म भरताना त्याने मला विचारलं, "तुमच्यावर अवलंबून कोण कोण?"

मी ऐटीत म्हणालो, "बायको आणि दोन मुलं."

"आणि तुमचं उत्पन्न?"

मी शुभांगीकडे बघितलं. तेव्हा शुभांगीच हळूच त्याला म्हणाली, "पगार माझा लिहा. पण वर ह्यांच्यावर अवलंबून म्हणून माझं नाव लिहिलंत ना, ते खोडू नका हां."

त्यापेक्षा तिने घरी येऊन मला चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं हो!