घंटेनंतरचा चहा

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय, आणि आधीच कबूल करतो, उत्तर माझं मलाच धड ठाऊक नाही! मन लागत नाही, शब्द सुचत नाहीत, डोळे मिटले की गोठ्यातली म्हैस दिसते... अशा माणसानं रोज ठरल्या वेळी प्रार्थना करावी का? की ती देवाची फसवणूक झाली? काय हो पेटीवाले? मान हलवताय, पण हो म्हणून की नाही म्हणून?

असू द्या. ऐका! नगरकडं शिरेवाडी नावाचं गाव. तिथल्या ख्रिस्ती देवळाची घंटा वाजवायचे शमुवेलकाका पारखे. सकाळी सहा म्हणजे सहा! दोर ओढला, की घराघरांत माणसं उठून गुडघे टेकायची. एकतीस वर्षं! अंगात ताप असला तरी घंटा चुकली नाही. आणि स्वतः काका? घंटा झाली की तडक घरी, ओट्यावर बसून हाक — "अगं, चहा!" प्रार्थनेचं विचारलं तर म्हणायचे, "मी अख्खं गाव उठवतो, माझी हजेरी त्यातच लागते!" हसू नका! तुम्हीही चटया अंथरता, माईक लावता, आणि प्रार्थनेच्या वेळी बाहेर लिंबाखाली गप्पा मारता. मला इथून सगळं दिसतं!

तर चहा. त्याला रोज उशीर. काका रोज करवादायचे, "चहा करतेस की चहाचा मळा लावतेस?" त्यांची बायको सुगंधाबाई चहा घेऊन बाहेर यायची. पदरानं कप पुसायची आणि पुढं ठेवायची.

पुढं बाईच्या पोटात गाठ निघाली. शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. सकाळी सहालाच आत न्यायचं होतं. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, एक काम कराल? उद्या माझा नेम मोडेल."

"कसला नेम?"

"तुमची घंटा झाली की मी चुलीवर मुद्दाम मंद जाळावर चहा ठेवते, आणि तो उकळेस्तोवर गुडघ्यांवर असते. पहिलं नाव तुमचं घेते. एक दिवस सुटला नाही. उद्या मी भुलीखाली असेन. तेवढा तुम्ही चालवा."

मंडळी, काका गार! ज्या उशिरावर एकतीस वर्षं चिडचिड केली, तो उशीर त्यांच्यासाठीच होत होता! आता माणसानं रडावं, लाजावं, की माफी मागावी? मला सांगता येत नाही. काकांनाही कळेना. ते नुसतं "बरं" म्हणाले.

सकाळ झाली. बाईला आत नेलं, दार लागलं. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले, आणि काकांचा हात आपोआप वर गेला. दोर कुठाय? दोर नाही! घंटा नाही! मग कसेबसे तिथंच फरशीवर वाकले. नर्स धावत आली, "काका, काही पडलं का?"

"नाही बाई... शोधतोय."

काय शोधत होते? त्यांनाच ठाऊक नव्हतं! प्रभूची प्रार्थना सुरू केली, ती अर्ध्यात अडखळली. दुसरी एकच येत होती, जेवणाची! "प्रभू, या अन्नाला आशीर्वाद..." दवाखान्यात, मंडळी! उपाशीपोटी! काका थांबले. आत बायको, बाहेर हा गोंधळ. शेवटी म्हणाले, "प्रभू, मला येत नाही. सुगंधाला आज येता येत नाही. तिच्या जागी मी आलोय. तिला सांभाळ."

बस, एवढंच. चहा उकळायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

दुपारी बाईनं डोळे उघडले. पहिला शब्द काय? "नेम?"

"चालवला गं. पण फार मोडका. मन ठिकाणावर नव्हतं."

बाई हळूच हसली. "माझं तरी रोज कुठं असायचं? निम्म्या वेळी चहा उतू जाईल हीच काळजी. तरी टेकायचे गुडघे."

आता सांगा, ही प्रार्थना झाली की नाही? मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत आलो, आधी मन, मग गुडघे. ही बाई म्हणते, आधी गुडघे! माझा गोंधळ अजून फिटलेला नाही. पण एवढं दिसतं, की त्या सकाळी काकांना देवाकडं जायला पायवाट होती. ती बाईनं रोज चालून पाडली होती, मन असताना आणि नसतानाही.

हल्ली शिरेवाडीत त्या घरी चहा उतू जातो. बघायला कुणी उभंच नसतं, दोघंही गुडघ्यांवर!

आणि तुम्ही? उद्या सहाला आपलीही घंटा होईल. चहाला उशीर झाला, तर ओट्यावरून ओरडू नका. आत जाऊन बघा, तुमचं नाव घेऊन कोण वाकलंय. शेजारी गुडघे टेका. शब्द नाही सुचले, तर एवढंच म्हणा, "प्रभू, आज मी पण आलोय."