थोरल्या मिस्त्रींची हाक

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे आपले व्यवस्थापकसाहेब आणि फादर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते थोरले मिस्त्री, त्यांची लेक, आणि वर्कशॉपमधल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी लिफ्टचा तपासनीस. दोर नवा कोरा असला तरी हात लावून बघणार, आणि ज्यानं बसवला त्याच्याकडेही निरखून बघणार. पगारच संशय घेण्याचा आहे, त्याला मी काय करू? हसू नका व्यवस्थापकसाहेब, तुमच्यावरही आहे.

तर, गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. आजारपणभर तिनं प्रार्थना केली. दर रविवारी ती चर्चमध्ये आत आणि मी बाहेर स्कूटरवर, हे फादरनी पाहिलेलंच आहे. ती गेल्यावर ते भेटायला आले, तेव्हा मी दारातच विचारलं, "तिचं ऐकलं का त्यानं?" आणि दार लावून घेतलं. फार राग होता मनात. रडू मात्र काही केल्या येत नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात थोरले मिस्त्री संध्याकाळी घरी हजर! ज्यांच्याशी माझं एक दिवसाआड भांडण, ते माझ्याकडे कशाला? यायचे, चहा घ्यायचे, बिस्किटांचा पुडा संपवायचे, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि चालू पडायचे. रोज! माझं डोकं सुरू झालं. फादरनी पाठवलं असेल? की आपल्या कामात मी खोट काढू नये म्हणून ही पेरणी? की वर जाऊन सांगणार, हा गृहस्थ आता कामाचा राहिला नाही? मी बिस्किटं आणणं बंद केलं. तर हे स्वतःच पुडा घेऊन आले. मग तर माझी खात्रीच पटली!

शेवटी ठरवलं, हे पुटपुटतात तरी काय ते ऐकायचंच. चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेलो आणि दाराआड कान देऊन उभा राहिलो.

पाहुण्यांसाठी एक सांगायला हवं. लिफ्टच्या उभ्या अंधाऱ्या पोकळीत काम चालू असताना वरचा माणूस खालच्याला हाक मारतो, "आहेस का?" खालून "आहे!" असं आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आमच्या तोंडून हे उत्तर झोपेतसुद्धा जातं.

तर मिस्त्री देवाला सांगत होते, "हा माणूस माझ्यावर संशय घेतो. घेऊ दे. पण धड जेवत नाही रे. वहिनींचं नाव काढलं की विषय बदलतो. मला काही सुचत नाही, तूच बघ." आणि मग, सवयच ती, मोठ्यानं म्हणाले, "आहेस का?"

आणि दाराआडून मी खणखणीत ओरडलो, "आहे!"

मिस्त्री खुर्चीवरून पडायचेच बाकी होते! देवाचा आवाज इतका घोगरा कसा, असं वाटलं म्हणे त्यांना. मी हसायला लागलो, आणि हसता हसता ढसाढसा रडलो. त्यांनी मला धरून बसवलं आणि पुन्हा प्रार्थना सुरू केली, या वेळी तिच्यासाठी, तिचं नाव घेऊन. माझ्या घरात कुणीतरी तिच्याबद्दल बोलत होतं हो! किती बरं वाटलं, काय सांगू!

तेव्हापासून आम्ही दोघं बसतो. मिस्त्री देवाचे आभार मानतात, मी तक्रारी करतो. देवावरचा माझा संशय फिटलेला नाही, हे फादरच्या तोंडावर सांगतो. पण तिच्याबद्दल एवढं मोकळं बोलायला मला दुसरी जागा नाही, हेही खरं.

आता मिस्त्री लेकीच्या गावी राहायला निघाले. काल त्यांना म्हटलं, "एकट्यानं बसलो आणि शब्दच फुटले नाहीत तर?" तर म्हणाले, "वहिनींना काय आवडायचं, तिथून सुरू करा. पुढचं येतं आपोआप." यावरही माझा विश्वास नाही. करून बघितल्याशिवाय मी कशालाच पास करत नाही.

अध्यक्षमहाराज, बोलू दिलंत, आभारी आहे. मिस्त्री, तुमचे आभार इथे मानत बसलो तर मला बोलता येणार नाही. माझ्या तिरकस जिभेनं कुणाला लागलं असेल, तर आपलाच माणूस म्हणून पोटात घाला. बाहेर चहा मांडलाय, सगळ्यांनी थांबावं. मी मात्र थांबत नाही. संध्याकाळ व्हायला आली, आणि घरी जाऊन मला देवाला सांगायचं आहे, की तिला दिवसभराच्या कामानंतर कोमट पाण्यात पाय सोडून बसायला फार आवडायचं.